रानात एक वीटही नको

तिचा राग आला असता तर परवडलं असतं. पत्रकांतून मी रोज कुणावर तरी रागावतेच, त्याची सवय आहे. पण मला तिचा हेवा वाटायचा, आणि हेव्याचं पत्रक काढता येत नाही.

झाडं वाचवणाऱ्या आमच्या छोट्या गटात आम्ही दोघी बरोबरच आलो. मी बेगडेवाडीची, शेतकऱ्याच्या घरातली. आमच्या घरात अजून 'आमी-तुमी'च चालतं. ती देहूरोडची. वडील लष्कराच्या डेपोत, घरात अर्धं हिंदी, अर्धं मराठी. करंज कुठला आणि जांभूळ कुठलं, हे तिला गेल्या पावसाळ्यापर्यंत कळत नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

तिकोणा पेठ गावाच्या वरच्या उतारावर जुनी झाडं आहेत. आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा, खाली करवंदाच्या जाळ्या. जमीन गावाची. ती साफ करून पर्यटकांच्या गाड्यांना पार्किंग करायचं आणि तंबू ठोकायचे, असा घाट एका ठेकेदाराने घातला होता. ग्रामसभेत गाव 'हो' म्हणालं, की सगळं आडवं. म्हणून पत्रक काढायचं ठरलं, आणि ते मी लिहिलं: 'वन हा पर्यावरणाचा कणा आहे. वृक्षतोड थांबवा, जैवविविधता जपा.'

बैठकीत तिने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "हे कुणाशी बोलतंय गं? तहसीलदाराशी?"

सगळे हसले. तिने माझाच कागद उलटा केला आणि पाठीवर लिहिलं: 'रानात एक वीटही नको.'

"अगं, रान म्हणजे आमच्याकडे शेतसुद्धा," मी म्हटलं. "आई रानात गेली म्हणजे भात लावायला गेली. लोक भलतंच समजतील."

"तू ना, नुसता शब्दांचा कीस पाडतेस."

तिचंच छापलं.

रविवारी सकाळी तिथल्या देवळापुढे वाटायला उभ्या राहिलो. पहिलाच कागद एका आबांच्या हातात पडला. त्यांनी चष्मा लावून वाचला, परत वाचला आणि काठी आपटली.

"रानात वीट नको? माज्या रानात मी म्हशीचा गोठा बांधतोय. तो काय तुमाला इचारून बांधू?"

"आबा, गोठा पाडायलाच आल्यात ह्या!" पारावरून कुणीतरी तेल ओतलं.

"लय शाण्या! मंग हिरीचं बांधकाम बी बंद का?"

माझ्या आत तेव्हा उकळ्या फुटत होत्या, आनंदाच्या. मी सांगितलं होतं! आता गाव हिला हाकलणार, मी पुढे होणार आणि नीट, स्वच्छ शब्दांत समजावणार. पहिलं वाक्य जिभेवर आलंसुद्धा.

तिने कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. "चुकलं हो आबा! मला वाटलं, रान म्हणजे जंगल. मी देहूरोडची, आमच्याकडे दोन्ही नाही, नुसती छावणी. तुमच्या गोठ्याला दोन विटा माझ्याकडून." मग वरच्या उताराकडे बोट केलं. "त्याला काय म्हणता तुम्ही?"

"त्ये व्हय? ती झाडी."

"झाडी कसली," एक मावशी मध्ये पडली. "वरलं जंगल म्हना."

"तू म्हन! तुज्या म्हायेरी म्हनत असतील."

"म्हायेर काढू नका. हिरडा येचायला वर मी जाते का तुमी?"

"आन् पार्किंग झाल्यावर कुटनं येचशील? गाड्यांच्या खालनं?"

हे आबा म्हणाले. मघाशी काठी आपटणारे तेच आबा. माझी सगळी जैवविविधता जिथे पोहोचली नसती, तिथे हिची चूक जाऊन बसली होती. तिला खुर्ची आली, चहा आला. ती 'रान' खोडून 'झाडी' लिहीत होती आणि मावशी तिच्या मांडीवर कागद सारत होती. मीही ओट्याच्या कडेला बसून तेच खोडत होते. बरोबर मी होते! मला कुणी चहाही विचारला नाही.

ग्रामसभेत आमच्या बाजूने दोन शब्द मी बोलायचे, असं गटात ठरलं होतं. आदल्या दिवशी गावातून निरोप आला: "ती 'चुकलं हो' म्हननारी पोरगी धाडा." मी 'बरं' म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती बोलली, साधंच बोलली. मी मागे भिंतीला टेकून उभी. ठराव आला: वरची झाडी कुणालाही द्यायची नाही. हात वर होऊ लागले. आम्ही दोघी बाहेरगावच्या, आम्हाला मत नव्हतं. पण मावशीने तिचं मनगट धरलं आणि आपल्या हाताबरोबर वर केलं.

"मावशी, त्यांचं मत धरता येनार न्हाई," सरपंच म्हणाले.

"नगा धरू. हात तर ऱ्हाऊ द्या."

सगळी सभा हसली आणि ठराव झाला. झाडं उभी राहिली. याहून जास्त काय हवं होतं तुला, असं गटात मला अजून विचारतात. जास्त काही नाही. माझं मनगट कुणीतरी धरायला हवं होतं.