दुसऱ्यांचे अर्ज लिहिणारे बाळूभाऊ

आज दुपारी जेलमधून बाहेर पडतानाच ठरवलं, हे तुम्हाला सांगायचंच.

मी नाशिकमध्ये वकिली करते आणि आठवड्यातून एकदा कैद्यांना मोफत कायदेशीर सल्ला द्यायला जेलमध्ये जाते. तिथे माझा उजवा हात म्हणजे बाळूभाऊ (नाव बदललंय). चांदवडकडचे, स्वतः शिक्षा भोगताहेत. ज्याला लिहिता येत नाही, त्याचा मोफत वकिलासाठीचा अर्ज तेच लिहून देतात. अक्षर एकदम मोत्यासारखं.

आज सहज विचारलं, "तुमच्या अपिलाचं काय झालं?"

"आपलं कुठलं अपील, मॅडम? घरच्यांनी पहिला वकील पैसे देऊन केला व्हता. एकदा खाजगी केला की मग फुकटचा मिळत नाय ना."

मी कपाळावर हात मारला. चार वर्षं हा माणूस इतरांना वकील मिळवून देतोय!

"कोणी सांगितलं तुम्हाला? आधी खाजगी वकील केला असला तरी जेलमधल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. आणि उशीर झालाय, तर तो माफ करावा म्हणून कोर्टात मी अर्ज लावते. घ्या कागद, मोफत वकिलासाठीचा तुमचा अर्ज लिहा."

त्यांनी पेन उचललं. नावापाशीच हात थांबला.

"मॅडम, आजवर दुसऱ्यांचीच नावं लिहिली. हा तुम्हीच लिहा ना."

लिहिला. माझं अक्षर त्यांच्याइतकं चांगलं नाही, पण अर्ज पक्का आहे.

तुमच्या ओळखीचं कोणी आत असेल, तर पुढच्या भेटीत एवढंच विचाराल का, "तुझा स्वतःचा मोफत वकिलाचा अर्ज कोणी लिहिलाय का?"