दाजींचा हिरवा पावणा

समुद्राशी संसार करणारी माणसं कोकणात पुष्कळ असतील. पण घाटाच्या अलीकडे, डिंगोऱ्यासारख्या गावात, जिथे समुद्र म्हणजे फार तर टीव्हीवर दिसणारी गोष्ट, तिथे बसून असा संसार करणारा माणूस त्रिभुवनात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. नात्याने माझे दाजी. गाव त्यांना हवामानसाहेब म्हणे. हवामान खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची उभी हयात गेली, आणि नोकरीतली शेवटची वर्षं तर लक्षद्वीपच्या एका बेटावर. नव्वदचं दशक संपता संपता ते निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक लोखंडी ट्रंक होती. ताईने मोठ्या आशेने ती उघडली. आत चार सदरे, वह्यांचा गठ्ठा आणि कापसात गुंडाळलेले तीन थर्मामीटर निघाले. "एवढी वर्सं तिकडं काढली," ताई म्हणाली, "आन या माणसानं साधा एक नारळ आणला न्हाई!"

तापमान घेणं हे दाजींचं काम नव्हतं, तो त्यांचा स्वभाव होता. रोज सकाळी बरोबर साडेआठला ते आधी अंगणातल्या हवेचं आणि मग गावाखालच्या नदीच्या पाण्याचं तापमान घेत आणि वहीत टिपून ठेवत. तेवढ्यावर थांबते तर ते दाजी कसले? आंघोळीला पाणी काढलं की आधी थर्मामीटर आत जाई, मग दाजी. माझ्या लग्नात त्यांनी मठ्ठ्याच्या पातेल्यात थर्मामीटर बुडवला, तेव्हा आचाऱ्याने झारा खाली ठेवला आणि "असल्या लग्नात मी वाढणार न्हाई" म्हणून तो मांडवाबाहेर जाऊन बसला. त्याची समजूत काढायला नवरदेवाला, म्हणजे मला, जावं लागलं. बरं, आकडा सांगितल्यावर पुढे एक शब्द बोलतील तर शपथ. "दाजी, आज थंडी आहे, नाही?" म्हटलं की उत्तर यायचं, "अकरा पॉइंट चार." "म्हणजे थंडीच ना?" "ते तुमचं तुमी ठरवा, मेव्हणं. माझं काम आकड्याचं." सुरुवातीला शेतकरी मोठ्या भरवशाने पावसाचं विचारायला येत. दाजी त्यांना कालचं तापमान सांगत. हळूहळू लोक यायचे बंद झाले.

मात्र हाच मितभाषी माणूस समुद्रातल्या पोवळ्यांचा विषय निघाला की आवरत नसे, आणि विषय निघाला नाही तर तो काढण्याची त्यांची तयारी असे. पिंपरी पेंढारला त्यांच्या पुतणीचं लग्न ठरवायला आम्ही गेलो होतो. पोहे झाले, मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली, आता सुपारी फुटणार, एवढ्यात दाजींचं लक्ष मुलाच्या वडिलांच्या बोटातल्या अंगठीकडे गेलं. मंगळाच्या शांतीसाठी त्यांनी पोवळं घातलं होतं. "पावणं, हे रत्न न्हाई," दाजी म्हणाले, "हे एका जिवाचं घर हाय. मुगाच्या दाण्याएवढा जीव, पर लाखांनी एकत्र ऱ्हातो, घरावर घर बांधतो, आन त्याच्या आसऱ्यावर अख्खा समुद्र जेवतो. तुमी दुसऱ्याचं घर बोटात घालून बसलाय!" शांत झालेला मंगळ तिथल्या तिथे भडकला. शेवटी मुलगा अडून बसला म्हणून लग्न झालं. पण त्या व्याह्यांनी पुढे कायम दाजी दिसले की अंगठीचा हात खिशात घातला. बेल्ह्याच्या बाजारातही तीच गत. माझं घर बेल्ह्यातच, म्हणून ताईने त्यांना गाय बघायला माझ्याकडे पाठवलं होतं. बैलांच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळा विकणाऱ्यापाशी हे दोन तास उकिडवे बसले. कवडी कुठल्या समुद्रातली, तिच्यात कोण राहत होतं, ती कुठे चरत होती, सगळं सांगून झालं. त्या बिचाऱ्याने अखेर माळा गुंडाळल्या आणि तो दुसरीकडे बसायला गेला. गाय राहिली ती राहिलीच.

अशा माणसाला नदीने एकदा खरोखरच समुद्र दिला. परतल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे पावसाळा सरला की बंधाऱ्याला लोखंडी ढापे, म्हणजे पत्र्याच्या फळ्या, घालतात आणि पाणी अडवतात. मग नदीच्या घाटापाशी डोह भरून राहतो. त्या डोहातल्या एका काळ्या दगडावर बसून दाजी थर्मामीटर बुडवत होते. तोल सावरायला पाण्याखाली हात टेकला, तर तो बुळबुळीत शेवाळावर न पडता काथ्यासारख्या खरखरीत कशावर तरी पडला. दाजींनी हाताचा वास घेतला आणि धावत घरी आले. त्यांना कधी धावताना न पाहिलेल्या ताईने विचारलं, "बिबट्या दिसला का काय?" "बिबट्याचं काय घेऊन बसलीस!" दाजी धापा टाकत म्हणाले, "स्पंज हाय स्पंज! पोवळ्यासारखा जिता जीव, पर गोड्या पाण्याचा! आपल्या नदीत!" त्यांनी त्याचा नखाएवढा तुकडा पुण्याच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांकडे पाठवला. होय, हा स्पंजच, असं त्यांचं पोस्टकार्ड आलं. ते दाजींनी चौकटीत बसवून लग्नाच्या फोटोशेजारी टांगलं, आणि तेही फोटोपेक्षा वीतभर उंच.

त्या दिवसापासून स्पंज हा घरचा पावणा झाला. दाजी त्याला म्हणतच पावणा. तसा त्या घरात मीही पावणाच, पण पाहुणचारात माझा नंबर दुसरा. मी गेलो की हातावर चहाचा कप यायच्या आत मला नदीवर नेत. दगडावर तळहाताएवढे दोन-तीन हिरवे पट्टे, बस. पण दाजी त्याच्याजवळ दुधाचा एकच थेंब सोडत. तो थेंब बारीक बारीक छिद्रांतून आत जाई आणि एका मोठ्या छिद्रातून पांढऱ्या धाग्यासारखा बाहेर येई. "बगा! दिसभर हेच करतो. नदी आत घेतो, गाळतो, बाहेर सोडतो. पगार न्हाई, सुट्टी न्हाई." आणि मग हळू आवाजात, "याच्या पोटात हिरवं शेवाळ भाडेकरू म्हणून ऱ्हातं. उन्हातनं अन्न बनवतं, भाड्यापोटी याला खाऊ घालतं. तिकडं पोवळ्याचं अगदी असंच असतं, मेव्हणं. अगदी असंच." हे "तिकडं" म्हणताना ते पाण्याकडे पाहत, माझ्याकडे नाही.

घाटावर धुणं धुणाऱ्या बायांशी त्यांचं यावरून जे जुंपलं, ते वर्षभर गाव मजेत ऐकत होतं. बायांच्या पुढारी सखूबाई. आवाज असा की अलीकडून बोललेलं पलीकडच्या मळ्यात ऐकू जावं. दाजींचं म्हणणं, साबणाचं पाणी दगडाकडे येता कामा नये. "साहेब," सखूबाई म्हणायच्या, "तुमच्या पावण्याला साबण चालत न्हाई, आन आमच्या धन्याच्या सदऱ्याला साबणाबिगर चालत न्हाई. आमी करावं तरी काय?" दाजींनी त्यांनाही दुधाचा थेंब दाखवला. बाया खाली वाकून बघत राहिल्या. एक म्हणाली, "अगं बया, जितं हाय की हे!" दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापले धुण्याचे दगड प्रवाहाच्या खालच्या अंगाला वीस पावलं सरकवले. जाता-येता मात्र चेष्टा सुरूच होती. "पावणा जेवला का, साहेब?" दाजी गंभीरपणे म्हणत, "चोवीस पॉइंट दोन."

पुढे दाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनसाठी त्यांना पुण्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं. नेमकं त्याच सुमारास गावोगाव स्वच्छतेच्या स्पर्धेचं वारं सुटलं होतं. तपासणीला समिती येणार म्हणून लोक हिरिरीने गटारं उपसत होते, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि वर गेरूचा पट्टा ओढत होते. आम्ही आठ-दहा दिवसांनी परतलो तेव्हा सगळं गाव नव्या नवरीसारखं नटलेलं. दाजींच्या डोळ्यांवर काळा चष्मा. सखूबाई आणि त्यांची फौज एस.टी.च्या थांब्यावरच हजर. "साहेब, आदी नदीवर चला. तुमच्यासाठी आमी कायतरी केलंय." दाजींना हाताला धरून त्यांनी घाटावर नेलं. "आता चष्मा काढा आन नव्या डोळ्यानं बगा!"

दाजींनी चष्मा काढला. तपासणीसाठी चार ढापे काढून डोह उतरवला होता. दगड पाण्याबाहेर उघडा पडला होता, आणि वरपासून खालपर्यंत पांढराशुभ्र होता. तारेच्या ब्रशने, विटेच्या तुकड्यांनी घासून, चुन्याचे दोन हात देऊन वर त्यांनी गेरूची रेघसुद्धा ओढली होती. "तुमी रोज बसता तो दगुड. आमी म्हनलं, गावाचं समदं चकाचक करायचं आन साहेबांचा दगुड तेवढा कळकट ठेवायचा का? पावण्याचं आंगण झाडून ठिवलंय!" पाणी उतरल्यावर ते पट्टे सुकून राखाडी झाले असणार, आणि ती वाळकी खरड म्हणजेच पाण्याखाली पाहिलेला हिरवा पावणा, हे बायांच्या लक्षातच आलं नव्हतं. दाजींनी दगडावरची नजर काढून सखूबाईंच्या हातांकडे पाहिलं. चुन्याने बोटांची सालटी निघाली होती. "लई झकास केलंत," दाजी म्हणाले. "लई कष्ट घेतलेत, बायांनो." आणि माझा हात धरून घरी आले.

दुसऱ्या दिवशी साडेआठ वाजले आणि दाजी उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. वही कोनाड्यात तशीच. ताई, जी जन्मभर त्या थर्मामीटरच्या नावाने बोटं मोडत आली, ती तोच थर्मामीटर पुसून त्यांच्या उशाशी ठेवून आली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. त्या दुपारी दाजी पहिल्यांदा माझ्याशी बेटावरच्या त्या उन्हाळ्याबद्दल बोलले. निवृत्तीच्या आधीचा उन्हाळा. बेटाभोवतीचं पाणी दोनेक अंशांनी तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं. पोवळ्यांनी आपले भाडेकरू बाहेर टाकले आणि नजर जाईल तिथवर सगळं पांढरं पडलं. "उपाशी मरत व्हती, मेव्हणं. आन मी? मी रोज साडेआठला आकडा लिवत व्हतो. एकतीस पॉइंट आठ. बत्तीस. बत्तीस पॉइंट दोन. नुसता लिवत व्हतो." त्यांनी डोळे मिटले. "म्हनलं, हितं तरी एक दगुड राखीन." मी आयुष्यभर त्या माणसाची टिंगल केली होती. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

ताईला राहवलं नाही. तिने जाऊन सखूबाईंना सगळं सांगितलं. संध्याकाळच्या आत सखूबाई दारात उभ्या. पदराचा ओचा धरलेला, डोळे सुजलेले. "साहेब, आमच्या हातानं झालं. म्या खरवडलेलं समदं करंजाच्या बुडाला टाकलं व्हतं. येचून आणलंय. मेलेलंच हाय, पर तुमच्या हाती द्यावं म्हनलं." ओच्यात राखाडी, वाळका, चुऱ्यासारखा कचरा होता. दाजी उठून बसले. त्यांनी एक खपली उचलली, उजेडात धरली, आणि ऑपरेशन झालेला डोळा जवळ नेला. जुन्या डोळ्यांना ते कधीच दिसलं नसतं. खपलीच्या आत खसखशीएवढे पिवळट दाणे होते, शेकडो. "सखूबाई," दाजी खपली त्यांच्यापुढे धरत म्हणाले, "हे मेलेलं न्हाई. हे बी हाय. पाणी आटलं, वंगाळ दिस आले, की हा दाण्यात जाऊन बसतो आन वाट बगतो." "किती वाट बगतो?" "पाणी येस्तवर."

मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही. बायांनी पुन्हा ब्रश घेऊन दगडावरचा चुना उतरवला. कुणीतरी सुचवलं, "पुन्हा कुणाचा हात लागाया नको, शेंदूर लावून टाकू." दाजी किंचाळले, "शेंदूर नको, तेल नको, नारळ नको! नुसतं पाणी!" खपल्या कोरड्या सावलीत ठेवून दिल्या. पाऊसकाळ ओसरला, ढापे घातले, डोह भरला, तेव्हा सखूबाईंनी जुन्या मच्छरदाणीचे तुकडे फाडले, त्यात खपल्या बांधल्या आणि दगडाच्या खाचांत घट्ट अडकवल्या. दाजी रोज साडेआठला जाऊन आकडा लिहू लागले. दगडावर काही दिसत नव्हतं. आठवड्यांमागून आठवडे काही नव्हतं. मी आपला समजुतीचं काहीबाही बोलत होतो. आणि कार्तिक सरता सरता एका सकाळी, नदीवरूनच, सखूबाईंचा तो प्रसिद्ध आवाज सगळ्या गावाने ऐकला. "साहेब! पावणा आला!"

यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. दाजींचे गुडघे गेले, घाटाच्या पायऱ्या सुटल्या. दिवसभर ओट्यावर बसून असतात. बेटावरच्या जुन्या सोबत्याचं अधूनमधून पत्र येतं. काही पोवळी परत धरली आहेत, सगळी नाहीत. ते पत्र दाजी पुन्हा पुन्हा वाचतात. थर्मामीटर सखूबाईंकडे गेला आहे. साडेआठला त्या पाण्यात उतरतात आणि तिथूनच ओरडतात, "तेवीस पॉइंट सहा, साहेब!"

गेल्या खेपेला मी ओट्यावर दाजींशेजारी बसलो होतो. आकडा आला, दाजींनी तो लिहिला, पण वही मिटली नाही. पेन तसंच धरून ते नदीकडे कान लावून बसले. खालून पुन्हा आवाज आला, "हिरवा हाय!" दाजींनी आकड्यापुढे सावकाश अक्षरांत लिहिलं, हिरवा. मी मागची पानं उलटली. पानोपानी आकडा, आणि आकड्यापुढे तोच एक शब्द. जन्मभर आकड्यापलीकडे एक अक्षर न लिहिलेला हा माणूस. चेष्टा बाजूला ठेवून मी वही उघडीच त्यांच्या मांडीवर ठेवली.