माशाला लागलेलं ऊन

कुठलाही मासा घेताना सुमन मॅडम आधी त्याच्या पाठीवर अंगठा दाबत आणि वाट बघत. खळगा भरून आला तर घ्यायचा, नाही तर पुढची पाटी. विकणाऱ्या बायका वैतागत. मॅडम हसून म्हणत, "मला नको विचारू, माझ्या अंगठ्याला विचार." त्यांच्या आईने जन्मभर गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, मासे विकले. उन्हाळ्यातला मासा रश्शात विरघळतो, ही गिऱ्हाइकांची तक्रार मॅडमनी लहानपणापासून ऐकली होती. त्याचं कारण शोधता शोधता त्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

मी त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळा समोरासमोर. पन्नाशीला टेकल्यावर मॅडमनी पीएच.डी.चा घाट घातला. संसार, सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या बारावीच्या परीक्षा, सगळं उरकून मग स्वतःची पाळी आली होती. दोन टाक्यांत रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. एका टाकीचं पाणी साधं, दुसरीचं हीटर लावून सतत कोमट ठेवलेलं. शेवटी दोन्हीकडची पिल्लं कापून त्यांचे स्नायू तपासायचे होते. "पाणी तापलं की माशाचा खर्च वाढतो," त्या मला समजावत. "खाणं पुरत नाही. मग तो स्वतःच्याच स्नायूंमधलं प्रथिन जाळतो आणि पोहत राहतो. माशाला घाम येत नाही गं, म्हणून लोकांना वाटतं, त्याला ऊनच लागत नाही." त्या स्वतः तेव्हा बऱ्याच वाळल्या होत्या. मी तसं म्हटलं, तर मलाच डब्यातली भाकरी वाढून विषय बदलला.

प्रबंधाची मुदत एकदा वाढवून झाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. मे महिन्यात पेपर तपासायला मॅडमना पुण्याला जावं लागलं. टाक्या निवृत्तीमामांवर सोपवल्या. मामा नांदगावकडचे, प्रयोगशाळेतले शिपाई. माणूस इतका मायाळू, की खिडकीतल्या चिमण्यांसाठीही वाटीत पाणी ठेवायचा.

मॅडम परतल्या तेव्हा मी तिथेच होते. मामा कौतुकाने म्हणाले, "मॅडम, तुमची पिल्लं लय तळमळत होती. मला नाय बघवलं. रोज दुपारी ते हीटर बंद करायचो आन् माठातलं गार पाणी घालायचो. एक बी मेलं नाय बघा!"

मॅडम टाकीच्या कडेला हात ठेवून उभ्या राहिल्या. सतत कोमट राहिलेल्या पाण्याचा तो प्रयोग होता. आता त्यातून काहीच सिद्ध होणार नव्हतं. नव्याने करायला वेळ उरला नव्हता. मला रडू आलं. त्यांना नाही.

"छान सांभाळलीत, मामा," त्या म्हणाल्या. "चहा घेऊ या."

मामा चहा आणायला गेल्यावर मी म्हटलं, "मॅडम, हेच मासे वापरा ना. माठाचं पाणी कोणाला दिसणार आहे?"

"अंगठ्याला कळेल," त्या म्हणाल्या. तो विषय त्यांनी तिथेच मिटवला. पुढच्या आठवड्यात ती बोटुकली गावाकडच्या तळ्यात सोडून आल्या. पदवी राहिली ती राहिलीच. दारावरच्या पाटीवर ‘डॉ.’ कधी लागलं नाही, आणि त्याचं दुःख त्यांना होतं. पाटी पुसताना त्यांचा हात नावाच्या आधीच्या कोऱ्या जागेवर रेंगाळे.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मामा आले, पांढरी टोपी घालून, हातात मोगऱ्याचा गजरा. आग्रह झाला तसे माईकपुढे उभे राहिले. "मॅडम लय शिकल्या. मी आपला आडाणी. पण त्यांच्या शिक्षणात माझा बी हात हाय. त्या उन्हाळ्यात त्यांचे मासे मीच वाचवले!"

टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली.

मॅडम उठल्या, गजरा हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खरंय. मामा नसते, तर ती पिल्लं जगली नसती."