गवताला सलाईन

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. आपण आपलं काम करत असतो आणि ते मागे साचत जातात. परवा पापडीला फ्रान्सिसच्या ओट्यावर सहज टेकलो, तर एकातून दुसरा निघत दुपारची संध्याकाळ झाली आणि चहा दोनदा गार झाला.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मासे पाळायचं खूळ डोक्यात शिरलेले आम्ही चौघे होतो. पापडीचा बेकरीवाला फ्रान्सिस, वसईत दवाखाना असलेले डॉक्टर सामंत, सांडोरचा केळीवाला हरी आणि मी. मासे आमचे झकास जगायचे. मरायचं ते टाकीतलं गवत! लावलं की आठवड्यात पिवळं, पंधरवड्यात गाळ.

आम्हा तिघांचं ठीक होतं, पण हरीची फार पंचाईत. सांडोरात त्याच्या घरची वाडी नावाजलेली. काठी रोवली तरी पालवी फुटेल अशी माती, आणि घरात काचेच्या पेटीत मेलेलं गवत! त्याचे वडील, आबा, येता-जाता टाकीकडे बघून तोंड फिरवायचे. शेवटी त्यांनी सुनावलंच, "गनपतीला पाव्हने येतील. तोवर हे हिरवं झालं नाय, तर टाकी गोठ्यात! म्हशीला पानी प्यायला बरी हाय."

हरीने ही टाकी फार हौसेने स्वतः बनवली होती. सगळ्या काचा स्वतःच्या हाताने जोडल्या होत्या. मला त्याची खरंच काळजी वाटायला लागली.

* * *

डॉक्टरांच्या एका पेशंटने बोटीवरून एक परदेशी मासिक आणलं. त्यात एका टाकीचा फोटो होता. टाकीत नुसतं जंगल, आणि बाजूला एक बाटली, बाटलीतून नळी पाण्यात! मजकूर जर्मन. आम्ही चौघांनी मासिक उलटंसुलटं करून बघितलं. बाटलीत काय असावं? फ्रान्सिस म्हणाला खत, मी म्हणालो औषध.

शेवटी चर्चमधल्या फादरांना दाखवलं. त्यांना जर्मन येत होतं. ते म्हणाले, "कार्बन डायऑक्साइड."

"म्हणजे आपण श्वासातून सोडतो तो?" हरीने विचारलं.

"तोच."

हरी तडक घरी गेला. पपईच्या पानाचा पोकळ देठ कापला, एक टोक पाण्यात, एक तोंडात, आणि बसला फुंकत! रोज सकाळी वाडीत जायच्या आधी आणि रोज संध्याकाळी आल्यावर. गवत होतं तसंच. हरीला मात्र चक्कर यायला लागली.

हरीची बायको, म्हणजे आमच्या सुमनवहिनी, आमच्यासमोर म्हणाल्या, "लग्नाला बारा वर्षं झाली भावोजी. एवढा वेळ माझ्याकडं तोंड करून कधी बसले नाय!"

* * *

मग फ्रान्सिसला सुचलं, की सोड्यात तरी दुसरं काय असतं? गॅसच ना! डॉक्टरांनी विचार करून मान डोलावली. तत्त्वतः बरोबर होतं.

गोळीवाली सोड्याची बाटली आणली, गोळी आत ढकलली आणि फ्रान्सिसने सगळी बाटली आपल्या टाकीत ओतली. टाकी फसफसली. काय सुंदर दिसत होती! आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात सगळे मासे वर आले आणि तोंडं उघडून आ-आ करायला लागले.

"डॉक्टर, ह्यांना काय होतंय?" मी घाबरून विचारलं.

डॉक्टरांना माशांचं काय माहीत असणार! फ्रान्सिस वाकून बघत म्हणाला, "ढेकर देत असतील."

मग धावपळ करून निम्मं पाणी बदललं तेव्हा मासे वाचले. त्या दिवशी एवढंच कळलं, की गॅस हवा, पण थोडा थोडा हवा. थोडा म्हणजे किती, हे मात्र कोणालाच कळेना.

* * *

थोडा थोडा गॅस कुठून आणायचा? फ्रान्सिसच्या बेकरीत पावाचं पीठ ताडी घालून फुगवायचे. पीठ फुगतं म्हणजे गॅस आलाच. त्याने ताडीत साखर घातली, बाटलीला बूच मारलं, बुचातून नळी काढून टाकीत सोडली. खरोखर बुडबुडे यायला लागले! नळीला त्याने एक चिमटाही लावला, कमी-जास्त करायला.

पुढच्या रविवारी तो सहकुटुंब चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, निघाला. फ्रान्सिसच्या घरची शिस्त कडक. बाहेर जाताना सगळे नळ बंद करायचे. त्याने मोरीचा नळ बंद केला, आणि गॅस फुकट नको जायला म्हणून नळीचा चिमटाही घट्ट बंद केला. ताडीला काय, ती आपली आत फुगतच राहिली.

मिस्सा आटोपून आला तर बूच छतावर आपटून खाली पडलेलं, भिंतीवर ताडी, पलंगावर ताडी, आणि दारात घराला आशीर्वाद द्यायला आलेले फादर!

फादरांनी हुंगलं. मग टाकीकडे बघितलं. "फ्रान्सिस, तुझे मासे पितात?"

"नाही फादर, झाडं पितात."

"बरं," फादर म्हणाले, "मग त्यांना कन्फेशनला घेऊन ये!"

* * *

चिमट्याने काम नीट होईना, म्हणून डॉक्टरांनी सलाईनचा सेट काढला. त्याच्या नळीवर चाक असतं ना, थेंब कमी-जास्त करायचं? त्याच चाकावर बुडबुडे कमी-जास्त! काय खूश झाले होते! दवाखान्यातल्या टाकीला त्यांनी तो सेट अगदी स्टँडसकट लावला आणि हातातल्या घड्याळावर, नाडी मोजतात तसे, बुडबुडे मोजत बसले.

समोर पापडीच्या एक म्हाताऱ्या बाई ताप घेऊन बसलेल्या. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, माशाला काय झालंय?"

"माशाला? काही नाही."

"मग सलाईन कोनाला लावलंय?"

डॉक्टर मोजण्यात गुंग. मान वर न करता म्हणाले, "गवताला."

बाईंनी पिशवी उचलली, पदर सावरला आणि कोपऱ्यावरच्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या. त्यांच्यामागे दोघेतिघे होते, तेही गेले!

* * *

आता माझा नंबर. मी तेव्हा सातिवलीला आग विझवायचे बंब भरणाऱ्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर होतो. बंबात काय भरायचो? हाच गॅस! हे लक्षात यायला आम्हा चार शहाण्यांना कित्येक महिने लागले. हरी तर माझ्यावर भडकलाच. "तू दिवसभर गॅस भरतोस आनि आमी ताडी शोधत फिरतोय?"

एक छोटा बंब घरी आणला. त्याला चाक नव्हतं, नुसता दांडा. मी म्हटलं, अलगद दाबतो. अगदी अलगद दाबला! खोलीत पांढरं धुकं झालं, टाकीतलं पाणी उडून माळ्यापर्यंत गेलं आणि एक गप्पी मासा कॅलेंडरमागे सापडला. जिवंत होता बिचारा.

धुकं ओसरल्यावर डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "आग तर विझली. पण लागली कुठे होती?"

* * *

गणपती तोंडावर आले आणि हरीची टाकी अजून पिवळीच. त्याचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी आम्ही सगळ्यांची अक्कल एकत्र केली. बाटली फ्रान्सिसची, सेट डॉक्टरांचा. बुडबुडे किती, यावर भांडण झालं आणि मधलाच आकडा धरला. फ्रान्सिसने रोज ताजी ताडी पाठवायची, बाटलीतली शिळी काढून ती घालायची. हरी आणि वहिनी दिवसभर वाडीत असणार, म्हणून ताडी बदलायला आणि टाकीवर लक्ष ठेवायला घरात फक्त आबा. डॉक्टरांनी त्यांना बजावलं, "आबा, चाकाला हात लावायचा नाही."

आबा चक्क हो म्हणाले. डॉक्टरांनी त्यांची ताडी ब्लडप्रेशरपायी वर्षभर बंद केली होती, तरी एका शब्दाने वाकडं बोलले नाहीत. आम्हाला जरा नवलच वाटलं.

गणपतीच्या दिवशी सांडोरला गेलो आणि दारातच थबकलो. टाकी हिरवीगार! तळाला आबांनी घातलेली वाडीची माती, तीत गवत वरपर्यंत आलेलं, पानापानावर बारीक बुडबुडे. पाहुणे आरती सोडून टाकीभोवती. हरीचे डोळे भरून आले होते, आणि आमचेही. आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "टाकी आता हितून हालनार नाय! अजून एक आना पायजे तर."

डॉक्टर कौतुकाने चाक बघायला वाकले. नळीतून एकही बुडबुडा येत नव्हता. चाक पूर्ण उघडलं, तरी नाही. त्यांनी बूच काढून बाटली हुंगली.

"हे तर साधं पाणी आहे! आबा, ह्यातली ताडी कुठे गेली?"

"शिळी व्हायची ना रोज," आबा म्हणाले. "फेकायची कशाला? मी संपवायचो."

"शिळी संपवायचात. आणि ताजी?"

आबांनी डॉक्टरांकडे असं बघितलं, की यांना डॉक्टर केलं तरी कोणी!

"ताजी काय शिळी होऊ द्यायची?"