दोनशे छप्पन पत्ते

बसवराज गेल्याचा वहिनींचा फोन आला, तेव्हा आमचा अर्ज पाठवून सतरा दिवस झाले होते. दिवस मी मोजत होतो, कारण उशीर माझ्यामुळं झाला होता.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. कळंबमध्ये तो घरोघरी इंटरनेट पुरवायचा. इंटरनेटवर जोडणीला आकड्यांचा पत्ता लागतो. त्याच्याकडचे पत्ते एका मोठ्या कंपनीकडून वापरायला घेतलेले होते. गावाचे पत्ते गावाचे असावेत, हा त्याचा ध्यास. नवे पत्ते आता मिळेनासे झालेत, पण युरोपातली एक बंद पडणारी कंपनी दोनशे छप्पन पत्त्यांचा आपला गठ्ठा द्यायला तयार झाली. असा गठ्ठा एका खंडाच्या नोंदीतून दुसऱ्या खंडाच्या नोंदीत न्यायचा, तर दोन्हीकडच्या नोंदणी संस्थांची संमती लागते आणि घेणाऱ्याला गरज दाखवावी लागते. त्यानं अर्जात अंदाजानं जोडणीची अडीचशे घरं लिहिली. मी म्हणालो, "मोजल्याशिवाय लिहू नको."

"तिकडून कोण येतंय कळंबची घरं मोजायला?"

"कुणी न येवो. आपण मोजू."

"लई किचकट हायेस बाबा तू," म्हणत त्यानं गाडी काढली. सुट्टीच्या दिवशी मी मागं वही घेऊन बसायचो. एका दारातल्या बाईंनी विचारलं, "मतदार यादीचं काम हाय का?" तो म्हणाला, "न्हाय मावशी, ह्याला झोप येत न्हाय मोजल्याबिगर." घरं भरली दोनशे अकरा. तेवढीच लिहिली... यात पाच आठवडे गेले.

संमती आली ती तो गेल्यावर नवव्या दिवशी. अर्ज पाच आठवडे आधी गेला असता, तर आपले पत्ते त्यानं सव्वीस दिवस पाहिले असते. हे गणित मी पुन्हा पुन्हा करतो. उत्तर तेच येतं. आकडा खरा लिहिला याचा पस्तावा नाही, पण तो खरा आकडा ज्याच्यासाठी काढला तो नाही.

त्याचं इंटरनेटचं दुकान आता वहिनी चालवतात. नव्या गठ्ठ्यातला पहिला पत्ता दुकानातल्या यंत्राला दिलाय. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी बसवराज घरूनच त्या यंत्राला हाक द्यायचा, म्हणजे मोबाइलवरून एक संदेश पाठवून उत्तराची वाट बघायचा. उत्तर आलं की मला फोन. "व्हय म्हणतंय," एवढंच बोलून ठेवून द्यायचा. आता ती हाक मी देतो, नव्या पत्त्यावर. उत्तर लगेच येतं. हे सांगायला फोन लावावा, असं कुणी उरलेलं नाही.