पाहुणे जाईपर्यंत

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. वहिनीला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

गुड्डी माझ्या भावाची मुलगी. चार वर्षांची. पिंपळगाव राजाला आमचं भाजीचं शेत. दिवसभर ती तिथेच मातीत बसायची, गाजरं उपटून तशीच खायची. फ्रॉकला पुसलं की झालं. अंगाने काडी आणि पोट तेवढं पुढे. आम्ही तिला शेठजी म्हणून चिडवायचो. चिडवायचो — म्हणजे दिसत होतं ना आम्हाला?

त्या दिवशी मला पाहायला पाहुणे येणार होते. आधीच्या स्थळांनी नकार कळवलेला, त्यामुळे घरात सगळ्यांच्याच जिवाला घोर. वहिनी चुलीपाशी, मी आतल्या खोलीत साडी नेसत होते. गुड्डी सकाळपासून पोट धरून माझ्यामागे कण्हत फिरत होती. आणि ती ओकली. उलटीत जंत होता — पांढरट, वीतभर, वळवळणारा.

मला काय वाटलं, सांगू? काळजी नाही वाटली. लाज वाटली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला होता. त्यांनी हे पाहिलं तर म्हणतील, काय घाणेरडं घर आहे. मी जुन्या फडक्याने सगळं पुसलं, फडकं उकिरड्यावर फेकलं, तिचं तोंड धुतलं, तिला खाटेवर निजवलं.

"पावने जाईपर्यंत आवाज काढू नको. आईले बलावू नको."

तिने मान हलवली.

पाहुणे निवांत बसले. चहा झाला, जेवणं झाली, शेत पाहून झालं. मधे मी आत गेले, तर खाटेवरून हळूच — "आत्या, गेले का वं पावने?" मी ओठांवर बोट ठेवलं. निघताना मुलाची आई म्हणाली, घरात लेकरू आहे असं वाटतसुद्धा नाही, भारी शहाणं आहे. मी हसले. हो, हसले.

ते गेले तेव्हा गुड्डीचं पोट दगडासारखं झालं होतं. बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, उलट्या कधीपासून? जंत पडला होता का? सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, आत्ताच सुरू झाल्या. जंत नाही पाहिला. — तिथे तर पाहुणे नव्हते. मग का खोटं बोलले? माझ्यावर येईल म्हणून. एवढंच.

आतड्यात जंतांचा गुंता अडकून आतडं काळं पडलं होतं. ऑपरेशन केलं. गुड्डी वाचली नाही.

गावाने गुळावर खापर फोडलं — पोरीची आई तिला गूळ फार द्यायची, म्हणून जंत झाले. वहिनीनेही ते खरं मानलं. संक्रांतीला सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवते, स्वतः चाखत नाही. ते पाहूनही मी बोलले नाही.

लग्न त्या पाहुण्यांच्याच मुलाशी झालं माझं. आता माझी मुलगी गुड्डी होती तेवढीच आहे. माहेरी गेले की वहिनी तिची वेणी घालते, आणि घालता घालता मधेच थांबते.

"मी तं चुलीपाशीच होती. मंग तिनं मले आवाज काऊन नाही देल्ला?"

दर वेळी विचारते. मी दर वेळी रिबन तिच्या हातात देते.

मी नको म्हटलं होतं, वहिनी. तिने माझं ऐकलं.