होळीपर्यंत गुंडाळलेले पाइप

थंडीला घाबरणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण सिंगापुरात राहून बागेतले पाण्याचे पाइप गोठतील या धास्तीत जगणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर. बारा महिने शर्ट पाठीला चिकटलेला. पहाटे मी पंखा बंद केला तर बायको आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघते. अशा गावात, बुकित बातोकच्या एका कॉन्डोच्या तळमजल्यावर, चार सतरंज्या अंथरल्या तर झाकून जाईल एवढ्या हिरवळीपाशी हा गृहस्थ तुळशीचं लग्न आटोपलं की पाइप गुंडाळायला बसतो. सोडतो ते होळी पेटल्यावर. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे आपल्याकडे लहान पोरंही म्हणतात, पण त्यानुसार व्हॉल्व्ह उघडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांचं शास्त्र थोडक्यात असं. (थोडक्यात मी सांगतोय, ते आजवर कुठलीही गोष्ट थोडक्यात बोललेले नाहीत.) नोकरीची वीस वर्षं त्यांनी टेक्सासमध्ये काढली. तिथली हवा उबदार, म्हणून लोक निर्धास्त, म्हणून पाइप जमिनीत जेमतेम वीतभर खोल. आणि एका वर्षी अचानक असा कडाका पडला की हिरवळीवर पाणी उडवणाऱ्या स्प्रिंकलरचे पाइप गोठून फुटले. बर्फ वितळल्यावर पाणी भिंतीतून घरात आलं आणि बागेत काही म्हणजे काही उरलं नाही. “साडूभाऊ, जिथं थंडी असते तिथं माणूस तयारीत असतो,” ते मला दर वर्षी सांगतात. “धोका सौम्य हवेत असतो.” सौम्य हवा हा शब्द ते असा उच्चारतात, की एखाद्या गोडबोल्या चोराचं नाव घेतल्यासारखं वाटावं. मुलीच्या नोकरीमुळे मंडळी सिंगापूरला आली तेव्हा विमानतळावर मी हार घेऊन उभा होतो. हार गळ्यात पडायच्या आत त्यांनी मला इथलं आजवरचं सगळ्यात कमी तापमान विचारलं. मला ते ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी बेजबाबदार माणूस आहे.

बेजबाबदार असलो तरी राबायला मीच. दर वर्षी ठरलेल्या रविवारी क्लेमेंटीहून बस पकडून मी सकाळी आठला हजर व्हायचं. आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद. मग पाइपातलं पाणी काढून टाकायचं. मग आत थेंबही राहू नये म्हणून सायकलच्या पंपाने हवा मारायची. पंप मारायला अर्थातच मी, कारण त्यांचा खांदा दुखतो. माझी कंबर दुखते, पण ती फुंकणीच्या कामात येत नाही असा त्यांचा निर्णय आहे. शेवटच्या तोटीतून फुस्स करून हवा बाहेर पडली की ते डोळे मिटून ऐकतात, गवयाने षड्ज लावल्यासारखे. त्यानंतर फोमच्या नळ्यांचं वेष्टन, वर चिकटपट्टी, वर दोरीने गाठ मारून बांधलेलं प्लास्टिक, आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावर लोकरीचे मोजे. या नळ्या इथं एसीच्या पाइपांसाठी मिळतात. दुकानदार म्हातारा चिनी, त्याने साहजिकच विचारलं, “एअरकॉन, अंकल?” यांनी गंभीरपणे सांगितलं की नाही, बर्फासाठी. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रंगाच्या डब्यांकडे पाहू लागलो. माझा मुलगा एकदाच या कामाला आला होता. अर्धा तास बघून इथल्या बोलीत म्हणाला, “बाबा, काका टू मच लाह,” आणि परत बसस्टॉपवर गेला. त्याचा मला राग आला नाही, हेवा वाटला.

घरात तीन थर्मामीटर आहेत. त्यांचं एकमेकांशी कधी पटत नाही, आणि हे नेहमी सर्वांत कमी आकडा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवतात. कुटुंबाच्या ग्रुपवर लोक देवांचे फोटो टाकतात, यांचा निरोप असतो, ‘आज किमान चोवीस. गाफील राहू नका.’ एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ते कानटोपी घालून बसतात आणि डब्यातली थंडगार हवा हातावर घेत मला म्हणतात, “थंडी इथंही आहे. सध्या आत राहते एवढंच. बाहेर कधी पडेल सांगता येतं का?” कहर म्हणजे एकदा डासांच्या अळ्या तपासायला माणूस आला. साचलेलं पाणी शोधत तो पाइपांपाशी वाकला, कोरडे ठाक पाइप पाहून खूश झाला आणि “व्हेरी गुड, अंकल,” म्हणून गेला. त्या तीन शब्दांचा दाखला मला अजून दर रविवारी ऐकवला जातो.

त्या हिरवळीच्या कोपऱ्यात एक मोगरा आहे. थोरल्या मेव्हणीबाईंनी, म्हणजे यांच्या पत्नीने, इथं आल्या आल्या लावलेला. बाई जाऊन आता दोन वर्षं झाली. घर भाड्याचं, सामान मुलीचं, हिरवळ मालकाची. त्या घरात बाईंचं म्हणावं असं ते एकच उरलंय. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत पुण्याला पुतण्याच्या लग्नाला जायची वेळ आली तेव्हा त्यांचा जीव पासपोर्टात नव्हता, मोगऱ्यात होता. त्यांची मुलगी कामानिमित्त परदेशी. म्हणून मला बजावलं गेलं, की होळी यायची आहे, पाइपांना हात लावायचा नाही, मोगऱ्याला रोज बादलीने पाणी घालायचं. रोज, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी तीनदा मान हलवली.

पहिला आठवडा मी गेलो. मग कंबर धरली. एक दिवस चुकला, दुसरा चुकला. इथं पाऊस काय केव्हाही पडतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. नेमका त्याच पंधरवड्यात आभाळाने थेंब टाकला नाही. सहाव्या दिवशी जाऊन पाहतो तर मोगऱ्याने मान टाकलेली. पानं हातात घेतली तर पापडासारखी मोडली. बादलीभर पाणी ओतलं, ते कडक मातीवरून सरळ वाहून गटारात गेलं. तासन्‌तास बारीक तुषार मिळाले तरच माती भिजणार होती, आणि ते द्यायची सोय मीच पंप मारमारून कोरडी केली होती. मी साडूंना, टेक्सासला आणि माझ्या लग्नाला एका दमात शिव्या दिल्या आणि कात्री घेऊन बसलो. मोजे काढले, प्लास्टिक कापलं, पट्टी सोलली, फोम काढला. थर संपेनात. सगळ्यांत आत, व्हॉल्व्हला बिलगून, गोधडी निघाली; मी पंप ठेवायला जातो तेवढ्यात ते ती गुंडाळत असणार, मी कधी पाहिली नव्हती. साडूंच्या ऑफिसच्या जुन्या रेघारेघांच्या शर्टांची, बारीक हातशिलाईची. एका कोपऱ्यावर पाण्याचा जुना डाग.

मी पुण्याला फोन लावला. काही लपवलं नाही. पाच दिवस गेलो नव्हतो तेही सांगितलं. मागे लग्नघरातली भांडी वाजत होती. त्यांनी दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग विचारलं, “गोधडीपर्यंत आलात?”

मी हो म्हटलं.

“टेक्सासला, त्या कडाक्याच्या संध्याकाळी, ती हीच घेऊन दारात उभी होती. म्हणाली, बाहेरच्या पाइपाला गुंडाळते, मोगरा आहे तिकडे. मी म्हटलं, अगं, मी इंजिनिअर आहे. इथं कधी काही गोठतं का? तिथला मोगरा गेला. पण ती त्यावरून कधी एक शब्द बोलली नाही हो.”

मी म्हटलं, की होळीला अजून अवकाश आहे.

“उघडा,” ते म्हणाले. “मोगरा आधी.”

मी व्हॉल्व्ह उघडला. पाइप खोकले, थुंकले आणि सुरू झाले. पुढे दहा दिवस मी कंबरेला पट्टा बांधून रोज जात होतो; पाणी आपोआप उडत असताना तिथं माझं काय काम होतं, ते विचारू नका. अकराव्या दिवशी वाळल्या काडीच्या बुडाशी पोपटी ठिपका दिसला. नीट पाहिलं, तो कोंब होता. मग मी पाणी बंद केलं, पाइप रिकामे केले, एकट्याने पंप मारला आणि गोधडीपासून मोज्यांपर्यंत सगळं होतं तसं गुंडाळलं. होतं तसं म्हणजे मला जमलं तसं.

साडू परतले, ते बॅग दारातच ठेवून चपलांसकट हिरवळीवर गेले. मोगऱ्यापाशी उकिडवे बसले. मग पाइपांकडे वळून म्हणाले, “गाठ उलटी मारलीत.” हा माणूस माझ्या हातचा चहासुद्धा पुन्हा उकळून घेतो. मी मुकाट्याने कात्री आणायला उठलो. त्यांनी हातानेच मला खाली बसवलं. ती उलटी गाठ त्या वर्षी होळीपर्यंत तशीच राहिली.

परवा दोन दिवस पावसाची झड लागली होती आणि सकाळी चहा घेताना बायकोने विचारलं, की मोबाइलमध्ये एवढं काय बघताय. मी बातम्या म्हटलं. किमान बावीस होतं.